मला मान्य आहे

मी फारसं खोटं बोलत नाही. कारकुनाला तेवढी संधीच मिळत नाही. रजेच्या अर्जात वर्षातून दोनदा माझं पोट बिघडतं, तेवढं सोडलं तर हिशेब पैशापैशाला जुळतो. पण मध्यंतरी एका रविवारी मी धडधडीत खोटं बोललो, आणि तेही संगणकाशी!

त्याचं असं झालं. आमच्या घरच्या संगणकात विंडोज १० होतं. २०१५ साली निघालेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा सांभाळ थांबवला. संगणक मात्र बिनतक्रार चालत होता. ‘चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?’ हे माझं तत्त्व. पंख्यापासून सासऱ्यांपर्यंत सर्वांना मी तेच लावतो.

पण चिरंजीव म्हणाले, “बाबा, आता नवी भोकं सापडली तर बुजवणार कोण? २०१७ साली वॉनाक्रायनं जगभर धुमाकूळ घातला. त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच निघालं होतं. ज्यांनी लावलं नाही, त्यांना मे महिन्यात फटका बसला. इंग्लंडातल्या रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या.”

शस्त्रक्रियेचं नाव निघताच सौ. म्हणाली, “करून टाका एकदाचं!”

विंडोज ११ घ्यायला बसलो. पडद्यावर अटी आल्या. खाली सरकवत गेलो. चहा संपला, अटी संपेनात. शेवटी दोन बटणं: मान्य आणि अमान्य. मी ‘मान्य’ दाबलं. काय मान्य केलं? देव जाणे!

बी. कॉम.ला आम्हाला १८७२ चा करार कायदा होता. त्यातलं कलम १३ सांगतं की दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थानं कबूल झाली, म्हणजे संमती. इथं एका पक्षाला अर्थ ठाऊक, दुसऱ्याला नुसतं बटण! पण म्हणून न वाचल्याची सबब चालते असं समजू नका. १९३४ साली इंग्लंडात एक खटला झाला. एका बाईनं आपल्या कॅफेसाठी सिगारेटचं यंत्र घेतलं, बारीक अक्षरं न वाचता सही केली, आणि यंत्र निघालं बिघडकं. कोर्ट म्हणालं, सही केलीत ना? मग बांधील.

त्या रात्री झोप येईना. डोळ्यांपुढं त्या बाई यायच्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू आमच्या काउंटरवरच्या एका आजींसारखा व्हायचा. आजी शुक्रवारी पुतण्याच्या कर्जाला जामीन राहायला आल्या होत्या. म्हणाल्या, “बाळा, काय लिहिलंय ते जरा वाचून दाखव.” मागं रांग, पुढं जेवणाची सुट्टी. मी म्हणालो, “आजी, छापील आहे सगळं. सगळे इथंच सही करतात.” त्यांनी केली. माझ्यावर विश्वास ठेवून केली. मी ‘मान्य’ दाबलं तेव्हा निदान बटण तरी माझं मीच दाबलं होतं!

कर्ज अजून मंजूर व्हायचं होतं. सोमवारी मी आजींना बोलावून सगळा कागद वाचून दाखवला, सोप्या मराठीत.

“म्हणजे त्यानं नाही फेडलं, तर बँक माझ्याकडे येणार?”

“हो, आजी.”

“सगळ्या रकमेसाठी?”

“हो.”

त्यांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. “मग कागद तूर्त राहू दे. विचार करून येते.”

तेव्हापासून पुतण्या माझ्याकडे बघत नाही. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं?” असं साहेबांनी दोनदा विचारलं. उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

घरचा संगणक नवा झाला. स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून मध्ये आलं, मी अजून कोपऱ्यातच चाचपडतो. इतकं सगळं बदललं त्या मंडळींनी. पण ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ यांच्या मध्ये ‘विचार करून येतो’ असं एक बटण ठेवायचं कुणाला सुचलं नाही.