आक्काची सुट्टी

सांगलीत मे महिन्यात दुपारी बारानंतर बाहेर पाय टाकवत नाही. गाव कृष्णाकाठचं असलं तरी ऊन ते ऊनच. विश्रामबागेत आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पश्चिमेची भिंत तापली की रात्री दहापर्यंत हाताला चटका देते. घरात मी, बायको, मुलगा, सून आणि शाळेला सुट्टी लागलेली दोन पोरं. नात नऊ वर्षांची, नातू चार वर्षांचा. मुलगा-सून कामावर गेली की घर आम्हा म्हाताऱ्यांच्या ताब्यात, असं म्हणायचं. खरं तर ते नातवाच्या ताब्यात असतं. कूलरच्या टाकीत हात घालायचा, भिंतीवर खडूनं रेघोट्या ओढायच्या, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया ओल्या असतानाच मोडून खायच्या. आजीनं कावळ्यांची राखण करायला पाठवावं, तर कावळ्यांपेक्षा जास्त यानंच संपवलेल्या.

यंदा आक्काही आमच्याकडं होती. ती माझी थोरली बहीण. मिरजेला तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि पुढच्या तपासणीपर्यंत तिला ठेवून घेतलं होतं.

एका सकाळी सून घाईत निघाली. चपला घालता घालता लेकीला म्हणाली, "भावाकडं लक्ष दे गं."

पोरगी पुस्तकात डोकं घालून बसली होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "मी काय त्याची आई आहे?"

सून दारातच थबकली. माझी बायको "काय बोलणं हे!" म्हणून नातीवर डाफरली. मीही काहीतरी सुनावणारच होतो. तेवढ्यात कॉटवर हिरवी पट्टी लावून बसलेली आक्का हसायला लागली.

"बरोबर बोलली पोरगी," ती म्हणाली. "मला न्हाई सुचलं कधी."

सगळी हसली आणि विषय मिटला. माझा मात्र घास अडकला.

म्हसवडजवळ माणगंगेच्या काठावर आमचं गाव. काठ नावालाच. नदीला पाणी चार-दोन महिने, बाकी वर्षभर वाळू. १९७२ साली पाऊस गेला आणि १९७३ चा उन्हाळा आला तेव्हा आमच्या घरात बैल नव्हते, दाणा नव्हता. मी सहा वर्षांचा, आक्का नऊ-दहाची, धाकटा दहा महिन्यांचा. आई-वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. पहाटे जायचे, दिवस मावळल्यावर यायचे. रेशनवर मिलो मिळायचा. त्या तांबड्या ज्वारीची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात टोचायची. कामावर पोरांसाठी सुकडी मिळायची. आई ती पदरात बांधून आणायची. त्या वेळचं सगळ्यात गोड म्हणाल तर तेवढंच.

पण मी हेही खरं सांगतो, की तो उन्हाळा मला सुखाचा गेला. माणसं दुष्काळाच्या आठवणी सांगायला लागली की मी मान हलवतो, आणि मनात मात्र वाळूतले खेळ येतात. कोरड्या नदीत दिवसभर हुंदडायचं. सुरपारंब्या, विटीदांडू, सरड्यामागं धावणं. बाभळीच्या वाळक्या शेंगा पायात बांधून छुमछुम करायचं. शाळेला सुट्टी होती आणि हाक मारायला घरात मोठं माणूस नव्हतं. आजी होती, पण तिला दिसत नव्हतं. पोराला याहून जास्त काय पाहिजे?

आक्कालाही तीच सुट्टी होती. तिच्या डाव्या कडेवर धाकटा असायचा. कडेवर पोर, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. वाळूत कमरेइतका खड्डा काढून झिरा केलेला असायचा. त्यात पाणी पाझरेपर्यंत बसायचं, वाटीवाटीनं घागर भरायची. तिच्या वयाच्या पोरी गजगं खेळायला बसल्या की ही उभ्या उभ्या बघायची, कारण बसली की धाकटा रडायचा. हे मी तेव्हा पाहिलं होतं असंही म्हणवत नाही. डोळ्यापुढनं गेलं होतं एवढंच.

अशाच एका दुपारी काठावरच्या करंजाच्या सावलीत धाकट्याला बसवून ती मला म्हणाली, "ह्याच्याजवळ बस. हलू नगंस. मी घागर भरून आले." मी बसलो. थोडा वेळ बसलो. मग पोरांनी एक मोठा सरडा घेरला, आणि ती ओरडायला लागली. मी उठलो.

परत आलो तेव्हा धाकटा सावलीतनं रांगत वाळूत गेला होता. मे महिन्यातली भर दुपारची वाळू. आक्का त्याला उचलून पळत होती. त्याचे दोन्ही तळहात आणि गुडघे भाजले होते. संध्याकाळपर्यंत फोड आले.

आई कामावरनं आली. तिनं फोड बघितले आणि हाताला लागली ती फुकणी उचलली. "पोरगं संबाळाया येत न्हाई तुला?" आक्का मार खात राहिली. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही तिनं. मी भिंतीला टेकून सुकडी खात होतो. नंतर आईनं पोराला कोरफडीचा गर लावला आणि चुलीपुढं बसून रडली. मी गपच.

आता यात माझा दोष किती? सात वर्षांच्या आतल्या पोरानं काही केलं तर कायदासुद्धा तो गुन्हा धरत नाही. मी सहाचा होतो. सरड्यामागं धावलो त्याची माफी मला कोणीही देईल. त्या रात्री भिऊन गप्प बसलो, त्याचीही देईल. अडचण पुढं आहे. मी सोळाव्या वर्षीही गप्प होतो, सव्विसाव्या वर्षीही. ती काही पोरवयातली चूक राहिली नव्हती.

आईला दोष द्यायला जीभ वळत नाही. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईनं पोराचे फोड बघून काय करावं, हे मी पंख्याखाली बसून कसं ठरवू? दुष्काळच तसा होता, म्हणून आम्ही सगळं त्याच्या अंगावर ढकलतो. पण शेजारच्या घरात उलटं होतं. तिथं मुलगा थोरला आणि मुलगी धाकटी. कडेवर पोर तिच्याच होतं, आणि तो थोरला आमच्याबरोबर विटीदांडू खेळत होता. घरातल्या कुणालातरी पोर घ्यावं लागलं, ते दुष्काळामुळं. कुणी घ्यायचं, हे मात्र पाऊस गेला त्याच्या आधीच ठरलेलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. मी पाटी घेऊन गेलो. आक्का चौथीत जायची होती. धाकटा चालायला लागेपर्यंत थांब म्हणाले. धाकटा चालायला लागला, पळायला लागला, तोही शाळेत गेला. आक्का गेली नाही. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच सातारा जिल्ह्यातलं. त्यांची जयंती शाळेत मी दर वर्षी साजरी केली, भाषणंसुद्धा केली. पुढं रयतच्या हायस्कुलात शिकलो, नोकरीला लागलो, सांगलीला आलो.

रोजगार हमीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते वि. स. पागे इथलेच, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९७७ साली महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ मध्ये तसा कायदा देशाला मिळाला. या देशाच्या कायद्यात एक बारीकशी तरतूद होती. कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असतील, तर त्यांतल्याच एका बाईला पोरं सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे पोर सांभाळणं हे खडी फोडण्यासारखंच काम आहे, हे सरकारी कागदावर आलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद बाजूला ठेवून आक्काचे दिवस मोजायला बसलो होतो. मोजून झाले नाहीत.

असो. नातीच्या त्या उत्तरानंतर मी जाहीर केलं, की दुपारी बारा ते चार नातू माझ्याकडं. बायको हसली. पहिल्या दिवशी पन्हं सांडलं, दुसऱ्या दिवशी त्यानं माझा चष्मा कूलरच्या टाकीत टाकला, तिसऱ्या दिवशी उचलून घ्या म्हणून हट्ट धरला आणि माझी कंबर धरली. पंख्याखाली, पाण्याचा नळ घरात, फ्रीजमध्ये आंबे, आणि चारच तास. मी साठीचा गडी. ती नऊ वर्षांची होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर कुरडया गोळा करताना मी आक्काला म्हणालो, "त्या दिवशी तू मला सांगून गेली होतीस. धाकट्याजवळ बस म्हणून."

"ठावं हाय की," आक्का म्हणाली. जणू काल घडलेलं.

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? तुला मारलं असतं. तू रडला असतास, ह्यो रडतच हुता. दोघांना गप कराया मलाच लागलं असतं." थोडं थांबून म्हणाली, "आन् मला बसायचा तो मार बसलाच हुता."

मी इतकी वर्षं तिच्या गप्प राहण्याला माया समजत होतो. तिनं ते कामाच्या हिशेबात सांगितलं.

"तुझी शाळा गेली त्यात," मी म्हणालो. "सगळं ओझं तुझ्यावर."

"ओझं म्हणू नगंस." आता ती जरा रागावली. "पोर हुतं ते. रातीला आईजवळ जायाचं न्हाई, माझ्याकडं यायचं. आईला वाईट वाटायचं त्याचं, ते मला ठावं हाय. तुला न्हाई."

इथं माझी वाट बंद होते. तिच्यावर अन्याय झाला असं मी म्हणतो, तर तिनं केलेल्या मायेला मी ओझं ठरवतो. ती म्हणते ते मानलं, तर मी सुटतो, आणि ज्याच्या फायद्याचं आहे त्यानंच ते मानावं हे काही बरोबर नाही. तिला त्या पोराची माया लागली, हे खरंच. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, हेही तेवढंच खरं. आधी काम गळ्यात पडलं आणि मग त्या कामाची माया लागली. म्हणून ते काम गळ्यात घालणारे मोकळे होतात का? माझ्या बुद्धीला वाटतं, नाही होत. मन मात्र तिच्या "ओझं म्हणू नगंस" या शब्दांचा आडोसा धरायला बघतं.

आणि गोष्ट नुसत्या आठवणीची नाही. वडील गेल्यावर वारसात आक्काचंही नाव लागलं. मुलीचा तो हक्क १९५६ च्या कायद्यानंच दिलेला. दहिवडीला जाऊन तिनं हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. आम्ही दोघं भाऊ तिला घेऊन गेलो होतो. येताना तिला साडी घेतली. गावात सगळ्या बहिणी तसंच करायच्या. त्या कोरड्या जमिनीत होतं तरी काय, असं आम्ही म्हणायचो. आता उरमोडीचं पाणी माणात आलंय. आमच्या रानात डाळिंब आहे.

त्याच संध्याकाळी मी तिला विचारलं, "आक्का, तुझा वाटा तुला देऊ का?"

तिनं कुरडयांचं सूप खाली ठेवलं. "द्यायचा असता तर दिला असतास. इचारतोस कशाला? मी 'हो' म्हणलं तर बहीण वाटा मागती म्हणून गाव बोलंल. 'नगं' म्हणलं तर तू झोपशील निवांत."

खाली नातू रडायला लागला म्हणून ती उठली. मी म्हणालो, बस, मी बघतो. जिन्यात मला कळलं, की मी पुन्हा तेच केलं होतं. ठरवायचं काम तिच्याजवळ ठेवून मी उठलो होतो.

आक्का गावी गेली. जाण्याआधी नातीला गजगं खेळायला शिकवून गेली. गजगं कुठं मिळेनात, तर चिंचोक्यांवर शिकवलं. एका डोळ्यानं दिसत असूनही तिचा एकही चिंचोका खाली पडत नव्हता.

तलाठ्याकडून सातबारा काढून आणलाय. बक्षीसपत्र करून तिच्या नावावर करता येतं, हे वकिलाला विचारून झालं. मुलगा म्हणाला, "आबा, आता कशाला?" त्याला मी ही सगळी हकिकत सांगितली. तो गप्प बसला, 'नको' म्हणाला नाही. राहिला धाकटा. रान दोघांचं आहे, त्याच्याशी बोलल्याशिवाय कसं होणार? तो पुण्यात असतो. भाऊबीजेला न चुकता आक्काकडं जातो, भारीतली साडी नेतो. त्याच्या उजव्या गुडघ्यावर अजून रुपयाएवढा गुळगुळीत डाग आहे. तो कशाचा, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. या रविवारी फोन करायचा म्हणतोय.