नरसिंहाची वरात आणि लांडग्याचे प्रेम

वाघोडियाच्या एखाद्या तरुणाचे मन पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणाऱ्या पुरुषावर जडले, तर धर्मशास्त्राने प्रथम कोणती हरकत नोंदवावी, त्याच्या पुरुषत्वाची की शेपटीची? प्रश्न कल्पित असला तरी उत्तर वीसेक किलोमीटरांवरील बडोद्यात दरसाल मिळते. कारण कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या नायकाला नखे फुटावयाच्या नेमक्या त्याच रात्री, नरसिंहजी पोळेतील मंदिरातून अर्धा मनुष्य व अर्धा सिंह असा देव वाजतगाजत तुळशीशी लग्न लावावयास निघतो, आणि वऱ्हाडातील कोणीही वराच्या योनीची तहकिकात करीत नाही.

दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाने ज्याला निसर्गक्रमाविरुद्ध ठरविले, आणि सज्ञानांच्या संमतीपुरता ज्यावरील गुन्ह्याचा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुसला, त्या प्रेमाच्या कैफियतीत नरसिंहाची साक्ष अवश्य काढावी. ना मनुष्य ना पशू, ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर, अशा उंबरठ्यावर बसूनच त्याने भक्ताचे रक्षण केले. आत्मा देहाहून भिन्न मानला, तर प्रियकराचे रूपांतर हे प्रेमाला विघ्न नव्हे. फार तर गादीवरचे केस कोणी झाडावयाचे, एवढाच तंटा उरेल, आणि असला तंटा कोणत्या संसाराला चुकला आहे?