फाबिओलाचं ऐक

चि. बाय,


परवा तुझा फोन येऊन गेला आणि तुझी आई निश्चिंत झोपली. मला मात्र झोप लागेना. तू हसून बोलत होतीस, पण आवाज ओढलेला होता. आठवडाभर नाइट ड्यूटी, त्यावर सुट्टीच्या दिवशी जादा पाळी, आणि घरभाडं वजा जाता हातात उरेल ते सगळं इकडे. भावाची फी, धर्मग्रामाचा गरीबनिधी, पलीकडच्या आजीचं औषध. आईला तुझा अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण बोलता बोलता तू म्हणालीस, "मावशी, मला एवढं तरी करायलाच हवं." ते "एवढं तरी" माझ्या कानातून जात नाही गं. कुणाचं देणं लागतेस तू?

इकडचं सांगते आधी, नाहीतर म्हणशील मावशीने पत्र उघडलं आणि ओरडायलाच लागली. पाऊस यंदा दिवाळीपर्यंत रेंगाळला. बावखल अजून काठोकाठ आहे. वाऱ्याने मागच्या वाडीतल्या बऱ्याच केळी आडव्या झाल्या, पण उरलेल्यांना घड बरे लागलेत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तेल लावून देते मी. नाताळच्या गोठ्यासाठी मुलं आत्तापासून पेंढा गोळा करतायत. मिस्साला गेलं की देवळाबाहेर चार जणी तुझी चौकशी करतात. त्यातल्या तिघी मायेने करतात, चौथीचं तुला ठाऊक आहे. तिच्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही आणि तूही मनातल्या मनात देत बसू नकोस.

आज तुला फाबिओलाबद्दल लिहायचंय. 27 डिसेंबर हा तिचा सण. नेमका त्याच दिवशी संत योहानाचा सण येतो, म्हणून आपल्याकडे तिचं नाव कुणी घेत नाही. तू नर्स आहेस, तुला तरी ती माहीत हवी. तिची सगळी हकिकत आपल्याला कळते ती एका पत्रातून. ती 399 साली वारली, आणि संत जेरोमने बेथलेहेमहून ओशियानस नावाच्या दोघांच्या मित्राला तिच्याबद्दल लांबलचक पत्र लिहिलं. जेरोम स्वभावाने कडक माणूस, शब्दाने भल्याभल्यांना सोलून काढणारा. पण त्या पत्रात तो एखाद्या वकिलासारखा फाबिओलाच्या बाजूने उभा राहतो.

ती रोमची, फाबिया घराण्यातली. पिढीजात श्रीमंती, नोकरचाकर, रेशीम, दागिने. लग्न लहान वयात झालं आणि नवरा इतका वाईट निघाला की बाजारबसवीनेही अशा माणसाला सहन केलं नसतं, असं जेरोम लिहितो. त्याने नेमकं काय काय केलं ते मात्र तो सांगत नाही, कारण फाबिओलाने स्वतःच ते कधी बाहेर सांगितलं नाही. लोकांनी तिला नावं ठेवली, ती तिने ऐकून घेतली, पण नवऱ्याची लक्तरं वेशीवर टांगली नाहीत. रोमच्या कायद्याने तिला काडीमोड मिळाला. तरुण होती, एकटी राहवेना, तिने दुसरं लग्न केलं. पहिला नवरा अजून जिवंत होता, त्यामुळे चर्चच्या दृष्टीने ते चुकलंच.

इथे जेरोम एक गोष्ट बजावून सांगतो, आणि सोळाशे वर्षांपूर्वी त्याने ती लिहिली याचं मला फार अप्रूप आहे. बादशहाचे कायदे वेगळे आणि ख्रिस्ताचे वेगळे, असं तो म्हणतो. बादशहाच्या राज्यात पुरुषांना मोकळं रान असतं. ख्रिस्ताच्या घरी जे बाईला मना आहे ते पुरुषालाही तितकंच मना आहे. आपल्या वाडीत हे कुणी ठणकावून सांगितलं असतं तर तुझी दोन वर्षं वाचली असती, बाय. तू घर सोडलंस ते जीव वाचवायला. नवरा पिऊन येऊन तुला मारत होता हे ठाऊक असूनही लोक तुलाच समजावायला येत होते. फाबिओलाने दुसरं लग्न तरी केलं होतं, तू तर तेही केलेलं नाहीस. मग मान खाली घालून कशाला चालतेस?

पुढचं नीट वाच. त्याच्यासाठीच हे पत्र.

दुसरा नवरा वारला. आता ती पैसेवाली विधवा, जाब विचारणारं कुणी नाही. हवं तसं जगू शकली असती. पण ईस्टरच्या आदल्या दिवशी ती लॅटरन बॅसिलिकात प्रायश्चित्त करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. अंगावर गोणपाट, केस मोकळे, डोळ्यांत पाणी. सगळ्या रोमने पाहिलं. बिशप, धर्मगुरू आणि लोकही तिच्याबरोबर रडले, असं जेरोम लिहितो. मग चर्चने तिला परत आत घेतलं आणि ख्रिस्तशरीरासाठी तिचीही जागा झाली.

इस्टेट तिने विकली ती यानंतर. इस्पितळ काढलं तेही यानंतर. रस्त्यावरचे आजारी लोक उचलून आणले ते सगळं क्षमा मिळाल्यावर! जेरोमच्या पत्रातला हा क्रम मी पुन्हा पुन्हा तपासलाय. तिने रुग्णांच्या जखमा धुतल्या त्या पाप फेडायला धुतल्या नाहीत, ते खातं तेव्हा बंद झालेलं होतं. मोकळी झालेली बाई होती ती. म्हणून तर तिला इतकं करता आलं आणि इतकी वर्षं करता आलं.

तुझं उलटं चाललंय असं मला वाटतं. तुझ्याकडून तसं पाप घडलेलंही नाही, तरी तू दंड भरत बसली आहेस. प्रत्येक जादा पाळी म्हणजे एक हप्ता. आणि असल्या दंडाचा शेवटचा हप्ता कधी येतच नाही, कारण तो कुणी मागितलेलाच नसतो.

तिच्या इस्पितळाबद्दल तुला वाचायला आवडेल. रोमी फौजेत सैनिकांसाठी दवाखाने होते. बड्या जमीनदारांकडे गुलामांसाठी खोल्या असत, कारण गुलाम बरा झाला तर कामाला लागणार. पण ज्याचं कुणीच नाही अशा माणसाने आजारी पडून जायचं कुठे? पूर्वेकडे कैसरियात संत बासिलने अशांसाठी मोठी वसाहत उभारली होती. रोममध्ये ते काम पहिल्यांदा केलं फाबिओलाने, 390 च्या सुमारास. आणि नुसते पैसे टाकून ती बाजूला झाली नाही. नाक झडलेले, डोळे गेलेले, पाय भाजलेले, अंगावर सूज चढलेली, किडे पडलेल्या जखमा घेऊन आलेले, अशी यादीच जेरोम देतो. मळाने माखलेल्या माणसांना ती स्वतःच्या खांद्यावरून आणायची. पुरुषांनाही बघवणार नाहीत अशा जखमा ती हाताने धुवायची. जेवण भरवायची, आणि मरणाऱ्याच्या ओठांवर थेंब थेंब पाणी सोडायची. हे शेवटचं वाचलं तेव्हा मला तूच दिसलीस. आजोबांच्या शेवटच्या रात्री कापसाचा बोळा पाण्यात बुडवून त्यांच्या ओठांना लावत बसली होतीस. तेव्हा तू अजून कॉलेजातही गेली नव्हतीस. कुणी शिकवलं नव्हतं तुला.

या वर्णनाला लागूनच जेरोम आणखी एक सांगतो. पुष्कळ श्रीमंत भाविकांना हे काम जमत नाही, त्यांचं पोट ढवळतं. ते पैसे देतात आणि दुसऱ्यांच्या हातून सेवा करवतात. त्यांना मी दोष देत नाही, असं तो स्पष्ट लिहितो. कुणी हाताने देतं, कुणी थैलीने. तू तर बारा-बारा तास हाताने देतेस. थैलीही तूच रिकामी केली पाहिजेस असं कुणी सांगितलं तुला? भावाला मी बोलले आहे. तो शिकवण्या घेणार आहे, मोठा झालाय आता. आजीच्या औषधाचं आम्ही इथे वाटून घेऊ.

फाबिओला अशी राबली तरी ती स्वतःला विसरली नाही, हे कुणी फारसं सांगत नाही. 395 मध्ये ती ओशियानसबरोबर समुद्र ओलांडून बेथलेहेमला गेली. तिथे जेरोम होता, पावला होती, पावलाची मुलगी युस्टोकियम होती. फाबिओला तिथे बायबल घेऊन बसली आणि तिने प्रश्नांचा भडिमार केला. इस्रायली लोकांचे वाळवंटातले मुक्काम जिथे ओळीने दिलेत ती यादी आपण भरभर उलटून टाकतो. ही प्रत्येक नावापाशी थांबून विचारायची, हे का, याचा अर्थ काय. जेरोमसारखा पंडित अडला आणि लिहून कळवतो म्हणाला. याजकांच्या वस्त्रांवर त्याने तिला पत्र लिहिलं. त्या 42 मुक्कामांवरही लिहायला घेतलं, पण ते पुरं व्हायच्या आत ती गेलेली होती.

तुझ्या पुस्तकांचं काय झालं गं? जाताना कपड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त भरली होतीस, वजन वाढलं म्हणून विमानतळावर दोन काढून माझ्याकडे दिलीस. ती माझ्या कपाटात आहेत. उरलेली उघडलीस का? डब्लिनमध्ये वाचनालयं असतीलच. सुट्टीच्या दिवशी ड्यूटी न घेता तिथे जाऊन बस. काही वाच, काही विचार, मला लिही. उत्तर येत असेल तर देईन, नाही आलं तर आपण फादरांना गाठू.

बेथलेहेमला ती फार दिवस राहिली नाही. हूण घोडेस्वार पूर्वेकडे शिरले, यरुशलेमवर येणार अशी हूल उठली, सगळे किनाऱ्याला येऊन गलबतं तयार ठेवून बसले. धोका टळल्यावर जेरोम तिथेच राहिला, फाबिओला रोमला परतली. आता तिचं स्वतःचं घरही उरलं नव्हतं. एकेकाळी जिच्या वाड्यात पाहुणे उतरायचे, ती दुसऱ्याच्या घरी राहू लागली. तरी हातावर हात ठेवून बसली नाही. तिबेर नदी समुद्राला मिळते तिथे पोर्तुस बंदर होतं, परदेशातून आलेले गोरगरीब तिथेच उतरत. तिथे पांथस्थांसाठी निवारा काढायचा तिच्या मनात आलं. पम्माकियस नावाच्या सिनेटरच्याही मनात तेच होतं. तो पावलाचा जावई, बायको गेल्यावर साधूसारखा राहू लागलेला. दोघांमध्ये आधी चढाओढ लागली, आणि मग दोघांनी मिळून एकच घर काढलं. वर्षभरात त्याचं नाव पार पार्थियापासून ब्रिटनपर्यंत पोचलं, असं जेरोम कौतुकाने लिहितो.

तुझ्याभोवती असा पम्माकियस कोण आहे? लग्नाचं विचारत नाही, घाबरू नकोस. ड्यूटी बदलून घेणारी, ताप आला तर पेज करून देणारी, "आज तू झोप" असं दटावून सांगणारी एखादी तरी मैत्रीण? वॉर्डातल्या केरळच्या मुलींबद्दल तू पूर्वी खूप सांगायचीस, हल्ली नाव काढत नाहीस. त्यांच्यात जात जा. घड भरला की चांगल्या जोमदार केळीलाही आपण बांबूचा टेकू देतो, ती कमजोर असते म्हणून देत नाही.

ती वारली तेव्हा अंत्ययात्रेला सगळं रोम लोटलं. रस्ते पुरले नाहीत, लोक गच्च्यांवर चढले, स्तोत्रं आणि आलेलुया दुमदुमले. जुन्या सेनापतींच्या विजयाच्या मिरवणुकाही इतक्या मोठ्या नव्हत्या, असं जेरोमचं म्हणणं. ज्या शहराने तिला नावं ठेवली त्याच शहराची ही गर्दी. पण तोवर तिला त्या नावांचंही काही नव्हतं आणि गर्दीचंही नसावं, असं मला वाटतं.

बरं, आता कामाचं. डिसेंबरात वाडीतला एक मुलगा तिकडे येतोय. त्याच्याबरोबर सुकेळी, आईने केलेला मसाला आणि तुझी ती दोन पुस्तकं पाठवते. सुकेळी वॉर्डात वाटून टाकू नकोस, निदान अर्धी स्वतः खा. या महिन्यात पैसे पाठवायचे नाहीत. आईशी माझं बोलणं झालंय, तीही हेच म्हणते. गरीबनिधीचं मी फादरांना सांगेन. नाताळात रजा मिळत नसेल तर नसू दे, पण 27 तारखेची जादा पाळी घेऊ नकोस. मिस्साला जा, घरी येऊन झोप, आणि उठलीस की मला फोन कर, मग इकडे कितीही वाजलेले असोत. रजेचा अर्ज केलास का तेही सांग. ईस्टरला येणार असशील तर तिकीट आत्ताच बघायला हवं, नंतर फार महाग होतं.

आईचे आणि माझे खूप खूप मुके.

तुझी,
मावशी