करवतकाठ

खाणकामगाराचं चित्र कापडात विणून घ्यायचं होतं; ते मी कागदावर पुरं करूनच नेलं होतं. डोक्यावर दिवा, हातात सब्बल, वाकलेली पाठ. उमरेडच्या विणकरबाबांनी ते मांडीवर धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "याचा काठ कुठं आहे जी?"

चित्राला चौकट असते, ती बाहेरून बसवतात. काठ कापडासोबतच विणावा लागतो.

बाबांचा माग खड्ड्याचा. कमरेखालचं अंग जमिनीत, पाय पावड्यांवर. वाकून राबणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्या चित्रातून कळायची गरज नव्हती.

करवतकाठी टसर तीन धोट्यांनी विणतात. दोन काठांचे, एक अंगाचा. अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकवत गेलं की करवतीचे दात उमटतात. एक अडकवण चुकली की दात मोडतो.

विणकराची आणि कोळशाची ओळख जुनी. नागपुरात 1877 साली एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणी वाफेवर चाले, वाफ कोळशावर. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे घरचे माग टिकेनात. कितीतरी कोष्टी मागावरून उठले आणि गिरणीच्या पाळीला लागले. कोळशाबद्दल बोलायचा विणकराचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे.

चित्रकार प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे. घरची माणसं खाणीत राबलेली. ते भिंतीवर खाणकामगार काढतात तेही कोळशाच्या कांडीनं. ती जवळीक माझ्याकडे नाही. दुसऱ्याचे हात मागायचे, तर त्याचं मतही मागावं.

तिसऱ्या भेटीत बाबा मला उघड्या खाणीच्या कडेला घेऊन गेले. समोरची भिंत पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत गेलेली. त्यांनी हवेत बोटानं ती रेघ गिरवली, वरून खालपर्यंत, सावकाश. म्हणाले, "हे पाहा. करवत."

माझा दिवेवाला माणूस आम्ही काढून टाकला. आता अंग कोशाच्या मूळ रंगाचं, काठ काळा, आणि दात खाली खाली मोठे होत जाणारे. कोणता दात किती मोठा, हे बाबा ठरवतात.

अशा कामात विणकराला नुसतं 'कारागीर' म्हणून कोपऱ्यात लिहिणं मला मान्य नाही. मजुरी आम्ही दिवसावर ठरवली आहे, कापडाच्या लांबीवर नाही. पदरावर दोन नावं विणली जातील. पहिलं बाबांचं.