पुसट पर्याय

“मेन्यूत सातच्या वर पर्याय नकोत, काका. मिलरचा नियम आहे.” अ‍ॅप डिझाइन करणाऱ्या एका तरुणानं हे बेधडक सांगितलं, तेव्हापासून ते खुपतंय.

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचा १९५६ चा लेख माणूस एका वेळी मनात किती गोष्टी धरू शकतो, याबद्दल आहे. मेन्यू तर मनात काही धरावंच लागू नये म्हणून आला. आज्ञा पाठ करून टाइप करायचे दिवस त्यानं संपवले. समोर दिसणाऱ्या यादीला सातची मर्यादा घालणं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरात सातच तारखा छापणं.

आठवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं, हे सगळेच सांगतात. मला जास्त मोलाचा वाटतो तो शोधणारा डोळा आणि सरावलेला हात यांतला फरक. डोळ्याला यादी वाचायची असते, हाताला जागा हवी असते. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये मेन्यूची पट्टी पडद्याच्या अगदी वरच्या कडेला होती. माउस कितीही जोरात वर ढकला, बाण कडेला अडतोच, पुढे जाऊन चुकायची सोय नाही. विंडोजनं ती पट्टी प्रत्येक खिडकीत, शीर्षकाखाली ठेवली. तिथे हाताला ब्रेक लावावा लागतो. (मॅकवाले हे अजून ऐकवतात. ऐकवू देत, खरं आहे.)

ऑफिस २००० नं क्वचित लागणारे पर्याय लपवायला सुरुवात केली. यादी आखूड झाली आणि हात चाचपडू लागला. मोबाइलच्या चिंचोळ्या पडद्यावर काहीतरी लपवावंच लागतं, एवढं त्या तरुणाला द्यायला हवं. इतरत्र मात्र माझा आग्रह असा की सध्या न चालणारा पर्यायही पुसट करून जागेवरच ठेवावा.

पण माझ्या बँकेच्या अ‍ॅपात ‘नॉमिनी बदला’ असाच पुसट आहे. दाबला तर ढिम्म. का, ते कळायला मार्ग नाही. सॉफ्टवेअरवर ब्लॉग लिहिणाऱ्या जोएल स्पोल्स्कीनं २००८ मध्येच लिहिलं होतं की पर्याय लपवू नका, पुसटही करू नका. दाबू द्या आणि कारण सांगा. तेव्हा हा अतिरेक वाटला होता. आता वाटतं, पुसट अक्षर फक्त कारण आधीच ठाऊक असलेल्याशी बोलतं. काही कॉपी केलेलं नसताना ‘पेस्ट’ पुसट असला तर कुणाचं अडत नाही. नॉमिनीचं तसं नाही. तो दाबता यावा, आणि कुठला कागद अपुरा आहे हे तिथेच कळावं.