बाबांची जीप आणि चेसिसचा नंबर

आमच्या शेतातल्या लिंबाखाली एक जीप बरीच वर्षे उभी होती. सत्तरच्या दशकातली महिंद्राची पेट्रोल जीप, उंच बॉनेटची, चारही चाकांना जोर देणारी. बाबांनी ती जुनीच विकत घेतली होती. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती एकदा भिजली की बैलगाडीसुद्धा रुतते. अशा चिखलातून बाबा बाजूचे दोन छोटे दांडे ओढून ती जीप हळूहळू बाहेर काढायचे. रात्री-अपरात्री आजारी माणसाला जालन्याला न्यायचे असले की वस्तीवरचे लोक आमच्याच दाराशी येत. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीची झाडे जगवायला पाण्याचे ड्रम वाहिले, ते तिचे शेवटचे मोठे काम. बाबा गेले आणि जीपही थांबली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघा भावांनी ठरवले, की ही जीप आपण घरीच उभी करायची. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये चेन-पुली टांगली, वेल्डिंग मशीन आणले, गावातल्या एका जुन्या मिस्त्रींना विनवणी केली. आईला शब्द दिला, की नाताळच्या मिस्सेला बाबांच्या जीपमधूनच जायचे. त्या शब्दापायी आम्ही ज्या पेचात सापडलो, त्याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. पेच गाडीचा होता, पण तो गाडीपुरता नाही असे आम्हांला वाटते.

जीप खोलायला घेतली तेव्हा कळले, की वरून दिसते त्यापेक्षा आत फार कमी उरले आहे. तळाचा पत्रा हाताने तुटत होता. वायरिंग उंदरांनी खाल्लेले. ब्रेकचे सिलिंडर गंजून जाम झालेले. पाट्यांची दोन-दोन पाने मोडलेली. रेडिएटर, क्लच, सीट, टायर, सगळेच नवे किंवा दुसऱ्या गाडीचे आणावे लागले. जुने सामान शेडच्या कोपऱ्यात साचत गेले आणि त्याचा ढीग जीपएवढा झाला. एके दिवशी आमच्या पुतणीने विचारले, “काका, आजोबांची जीप कोणती? ही, की ती कोपऱ्यातली?”

आम्ही हसलो, पण उत्तर सुचले नाही. हा प्रश्न फार जुना आहे हे नंतर कळले. ग्रीक लेखक प्लुटार्क याने थीसियस नावाच्या वीराच्या जहाजाची हकिगत लिहून ठेवली आहे. अथेन्सचे लोक ते जहाज जपून ठेवत आणि कुजलेली फळी काढून नवी बसवत. पुढे तत्त्वज्ञांत वाद लागला, की सगळ्याच फळ्या बदलल्यावर हे तेच जहाज म्हणायचे का? सतराव्या शतकात थॉमस हॉब्ज या इंग्रज विचारवंताने त्यात आणखी एक गाठ मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे कोणते? आमच्या पुतणीने नेमके हेच विचारले होते.

जीपच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गमतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या, त्या मुख्यतः विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांत. दोन्हीकडच्या गाड्यांचे भाग एकमेकांना बसावेत अशीच योजना होती, म्हणजे रणांगणावर दोन मोडक्या जीपांतून एक चालती जीप उभी करता येई. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलिसच्या जीपा जोडायला सुरुवात केली, पुढे त्या इथेच बनू लागल्या. म्हणून आजही एका जीपचा गिअर दुसरीला बसतो आणि म्हणूनच पन्नास वर्षांची जीप खेड्यातल्या शेडमध्ये दुरुस्त होऊ शकते. भाग बदलणे हे तिच्या जन्मातच लिहिलेले आहे.

त्या दिवशी आम्ही पुतणीला सांगितले, की बेटा, चालते ती आजोबांची जीप. बाबांनीही तिचे टायर, क्लच, बॅटरी कितीदा तरी बदलली होती. तेव्हा कुणी म्हटले नाही, की ही दुसरी झाली. आपल्या शरीराचेही तसेच आहे. लहानपणीचे किती उरले आहे? जुन्या चर्चची कौले बदलतात, खिडक्या बदलतात, बाकेही बदलतात, तरी आपण म्हणतो, याच चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला. एक एक भाग बदलत गेला, पण काम तेच राहिले, माणसे तीच राहिली, माया तुटली नाही, तर वस्तू तीच राहते. हे उत्तर आम्हांला पटले होते आणि पुतणीलाही पटले.

पुढच्याच महिन्यात ते उत्तर आमच्यावर उलटले.

बॉडी उचलून चेसिस घासायला घेतली, तर मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी दोन्ही बाजूंना तडे गेलेले दिसले. आतून गंजाने खाल्लेले. मिस्त्रींनी हातोडीने ठोकून पाहिले आणि मान हलवली. चार दिवसांनी त्यांनी निरोप आणला, की एका भंगारवाल्याकडे अशाच जीपची चांगली चेसिस पडली आहे. कागद नाहीत, पण लोखंड ठणठणीत.

“आणि नंबर?” आम्ही विचारले.

“त्यात काय, दादा? तुमच्या चेसिसवरचा नंबराचा तुकडा कापायचा, तिच्यावर वेल्ड मारायचा, तिचा नंबर घासून काढायचा. वरून रंग. पासिंगला कुणाला कळतंय?”

ते वाईट मनाने बोलत नव्हते. आईला दिलेला शब्द त्यांनाही माहीत होता आणि नाताळ दोन महिन्यांवर आला होता. आमच्यातल्या धाकट्याने तर आमचेच शब्द आमच्यापुढे ठेवले. “आपणच म्हणालो ना, की भाग बदलले तरी जीप तीच? इंजिनचे भाग बदलले, बॉडी बदलली, तेव्हा पाप नव्हते. मग चेसिस बदलली तर काय? चेसिस म्हणजेही लोखंडच. आपल्या दृष्टीने ती बाबांचीच जीप आहे, मग बाबांच्या जीपचा नंबर तिच्यावर असला तर त्यात खोटे ते काय?”

हा युक्तिवाद कच्चा नव्हता. त्या रात्री आम्हांला उत्तर देता आले नाही. दोन-तीन दिवस विचार केल्यावर जे उमगले ते असे.

वस्तू तीच आहे की नाही, हा प्रश्न दोन ठिकाणी विचारला जातो. एक आपल्या मनात. तिथे आपली माया, आपली आठवण साक्षीला असते आणि तिथले उत्तर आपण द्यावे. दुसरा प्रश्न परका माणूस विचारतो: उद्या ही जीप विकत घेणारा, अपघातानंतर पंचनामा करणारा, चोरीला गेलेली आपली गाडी शोधणारा. त्याला आपली माया दिसत नाही. त्याच्यासाठी फक्त तो नंबर बोलतो. तो नंबर सांगतो, की कारखान्यातून निघालेली ती चेसिस हीच. तुकडा कापून दुसऱ्या लोखंडावर लावला, की तो नंबर खोटे बोलू लागतो, आणि ते बोलणे आमचे असते. जीप तीच राहिली असे आमचे मन म्हणेलही. पण साक्ष खोटी ठरते. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. ती जिभेने दिली काय आणि वेल्डिंगच्या कांडीने दिली काय, फरक नाही.

शिवाय त्या दुसऱ्या चेसिसलाही एक नंबर होता. म्हणजे तीही कुणाची तरी जीप होती. कुणाच्या तरी बाबांची असेल. ती रीतसर भंगारात आली की रातोरात कुणाच्या अंगणातून उचलली गेली, हे सांगणारा एकच पुरावा तिच्या अंगावर होता आणि तोच आम्ही घासून टाकणार होतो. आपली आठवण जपण्यासाठी दुसऱ्याची पुसायची, याला माया म्हणता येईल का?

सरळ मार्ग असतो, पण तो लांबचा. चेसिस बदलायची तर नोंदणी कार्यालयाच्या मंजुरीने आणि खऱ्या कागदांनिशी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमात गाडीत फेरफार करण्याविषयी बंधने आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निकाल दिला, की कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. इंजिन बदलले तर त्याचीही नोंद व्हावी लागते. हे नियम हौशी माणसाला जाचक वाटतात. आम्हांलाही वाटले. पण काम करता करता त्यांचा अर्थ थोडा थोडा कळू लागला.

उदाहरण सांगतो. शेजारच्या तालुक्यातल्या एका ओळखीच्या तरुणाने आपल्या जुन्या जीपला मोठे डिझेल इंजिन आणि रुंद, उंच टायर लावले. जीप वाऱ्यासारखी धावू लागली. पण ब्रेक तेच जुने ड्रमचे, मागचा एक्सल तोच जुना. टायर जेवढा मोठा, तेवढा त्याला थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. शिवाय मीटर खरा वेग दाखवत नाही, कमी दाखवतो. एकदा चढावर एक्सल तुटला. उतारावर तुटला असता तर? जुन्या वस्त्राला नव्या कापडाचे ठिगळ लावू नये, असे प्रभू येशूने का सांगितले, ते आम्हांला त्या मोडक्या एक्सलकडे पाहून कळले. नवे वाईट असते असे नाही. पण नव्याचा ताण जुन्याला सोसला पाहिजे. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग इंजिन, हा क्रम शहाणपणाचा. कारण मागे बसणारा माणूस खाली वाकून काही तपासत नाही. तो आपल्यावर विश्वास ठेवून बसतो.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांची गोष्ट अनेकांना आठवत असेल. त्यांनी भंगारातल्या सामानातून, साठ हजारांच्या आसपास खर्चात, मुलाच्या हौसेसाठी एक छोटी जीप बनवली. किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी ती पाहिली, तिचे कौतुक केले आणि त्याच वेळी स्पष्ट म्हटले, की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवले जाईल. ती आम्हांला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. या गोष्टीत आम्हांला आवडते ते हे, की कारागिराच्या हाताचा मानही राखला गेला आणि नियमाचाही. एकाला मोठे करायला दुसऱ्याला खोटे पाडावे लागले नाही. अर्थात प्रत्येकाला बोलेरो मिळत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना खरेपणाची किंमत स्वतःच्या खिशातून द्यावी लागते.

आमची किंमत अशी झाली. बिनकागदाची चेसिस आम्ही नाकारली. मिस्त्री दोन दिवस रागावले, मग आले. जुन्याच चेसिसचे तडे वितळवून भरले, आतून-बाहेरून जाड पट्ट्या बसवल्या. नंबर जिथे होता तिथेच, पुसट, पण आपल्या जागी आहे. मात्र ही दुरुस्ती हमरस्त्यावरच्या वेगाला पुरेल, अशी ग्वाही द्यायला ना मिस्त्री तयार होते, ना आम्ही. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण. बाबांच्या पश्चात ते राहूनच गेले होते. आम्ही तो अर्ज केला नाही. जीप शेतातच ठेवायची असे ठरवले.

म्हणजे आईला दिलेला शब्द मोडला. हे आम्ही लपवत नाही. शब्द पाळण्यासाठी खोटे करावे की खरे राहण्यासाठी शब्द मोडावा, यांपैकी आम्ही दुसरे निवडले, पण ते निवडताना आनंद झाला नाही. मुळात तपासल्याशिवाय शब्द द्यायला नको होता, हा दोष आमचाच. नाताळच्या मध्यरात्री आम्ही सगळे भाड्याच्या गाडीने मिस्सेला आलो. आई वाटेत काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणे झाल्यावर तीच म्हणाली, “काढा तुमची जीप.” पुढच्या सीटवर बसली, मांडीवर नात. आम्ही बांधाबांधाने मोसंबीच्या बागेपर्यंत गेलो. ओढ्याच्या ओलीत चाके थोडी रुतली, तेव्हा बाबांसारखेच दोन्ही दांडे ओढले आणि चारही चाकांनी जीप अलगद वर आली. आई हसली. “आवाज तोच आहे रे,” म्हणाली.

राहिला तो कोपऱ्यातला ढीग. आपले जालना लोखंडाचे गाव. इथल्या भट्ट्यांत देशभरातले भंगार वितळते आणि त्याच्या सळया होऊन कुणाच्या तरी घराच्या छतात जातात. बाबांच्या जीपचा तळाचा पत्रा, मोडके पाटे, सगळे आम्ही तिकडेच पाठवले. पुतणी हिरमुसली, तेव्हा तिला सांगितले, की सगळेच ठेवायचे नसते. जे काम करू शकते ते दुरुस्त करावे, जे करू शकत नाही ते मोकळे करावे. भट्टीत जाणे म्हणजे अपमान नव्हे.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या प्रत्येकाच्या घरी अशी एखादी जीप असते. वडिलोपार्जित जमीन असेल, दुकान असेल, एखादे नाते असेल, घराण्याचे नाव असेल. ते टिकावे म्हणून आपण एक एक भाग बदलत जातो, आणि तसे करणे योग्यही आहे. पण एखाद्या वळणावर कुणीतरी सांगते, की एवढा नंबर तेवढा कापून लावा, कुणाला कळतंय? त्या वेळी स्वतःला इतकेच विचारावे: हे परक्या माणसाला उघड सांगून करता येईल का? सांगता येत असेल तर ती दुरुस्ती आहे. लपवावे लागत असेल, तर आपण जपतो आहोत ती वस्तू बाबांची उरलेली नाही, नुसता तिचा नंबर उरला आहे.