वाघापासून भेकापर्यंत

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा त्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी प्राण्यांची यादी होती. कावळा आणि उंदरांबरोबर तिच्यात फळे खाणारी वटवाघळेही होती. रात्रभर उंबर-वडाची फळे खाऊन त्यांच्या बिया दूरवर पसरवणारा हा प्राणी कायद्याला दिसला तो फक्त फळबागेचे नुकसान करणारा म्हणून. ही यादी रद्द व्हायला २०२२ची दुरुस्ती यावी लागली. प्राण्याची किंमत माणसाच्या नफ्यातोट्यावर ठरवण्याची सवय किती चिवट असते, हे या पन्नास वर्षांवरून कळते.

त्याच कायद्याच्या पाठोपाठ, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि विचार एक पाऊल पुढे गेला. वाघ जगायचा तर त्याचे भक्ष्य हवे, भक्ष्याला चारा-पाणी हवे, म्हणजे अख्खे जंगल हवे. एका रुबाबदार प्राण्याच्या आडोशाने असंख्य लहान जीव वाचतील, ही त्यामागची धारणा होती आणि ती बऱ्याच अंशी खरी ठरली. रानपिंगळ्याचेच पाहा. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीलायक पुरावा मिळालाच नव्हता. तो नामशेष झाला असेच अनेकांना वाटत होते. १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही सापडला. मेळघाट हा व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. वाघासाठी राखलेल्या सागवानी रानात हा छोटा शिकारी कोणाच्याही नकळत तग धरून होता.

पण जिथे वाघ नाही तिथले काय? हा प्रश्न माळरानाने विचारला. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर-नगरच्या माळावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेती, रस्ते सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारांवरील बंधनांनी लोक नाराज झाले आणि पुढे क्षेत्र बरेच कमी करावे लागले. दुसरीकडे उघड्या माळावर झाडे लावणे हे पुण्यकर्मच समजले गेले. माळढोक मात्र उघड्या जमिनीवर एकच अंडे घालतो. दूरवरचे दिसेल अशी मोकळी जागाच त्याला लागते. आज याच अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे जवळपास थांबले आहे. पक्ष्याला संरक्षण होते, त्याच्या गवताला नव्हते. स्थानिक माणसाला सोबत घेतल्याशिवाय आणि अधिवास समजून घेतल्याशिवाय केलेले संरक्षण कागदावरच राहते, हा धडा आपण फार मोठी किंमत मोजून शिकलो.

‘जैवविविधता’ ही संकल्पना जगभर रुळली ती १९९२च्या रिओ परिषदेनंतर. आपल्याकडे तिचा कायदा २००२ साली आला. एखाद्या प्राण्याऐवजी एखादी जागाच वारसा म्हणून जपण्याची सोय त्यात झाली. या सोयीचे मोल आंबोलीत कळते. तिथल्या महादेवाच्या देवळाच्या कुंडात, हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी, बोटाएवढ्या माशाची नवी जात सापडली. २०२० साली शास्त्रज्ञांनी तिला नदीचेच नाव दिले आणि पुढच्याच वर्षी ते कुंड व परिसर जैवविविधता वारसा स्थळ झाले. क्षेत्र जेमतेम दोन हेक्टर. देवळामुळे तिथले पाणी आजवर राखले गेले, हे खरेच. पण केवळ श्रद्धेवर विसंबता येत नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवराईतली झाडे तोडून सिमेंटचे सभामंडप उभे राहिलेले आपण पाहतोच.

त्याच आंबोलीत २००९ साली शास्त्राला माहीत झालेला एक भेक आहे. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला हा बेडूक पावसाळ्याच्या सुरुवातीला जांभ्या खडकावरच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. पावसाने मध्येच उघडीप दिली की डबके आटते आणि पिल्ले मरतात. इतक्या अरुंद फटीतून तो दरवर्षी पुढची पिढी पार करतो. जगात तो फक्त आंबोलीच्या परिसरातून नोंदलेला आहे आणि अतिसंकटग्रस्त गणला जातो. वाघ एका जंगलातून गेला तर दुसऱ्या जंगलातून आणता येतो. हा भेक कुठून आणणार?

म्हणूनच मला वाटते की संरक्षणाचा निकष प्राण्याचे मोठेपण किंवा उपयोग हा असू नये. त्याची जगण्याची जागा किती लहान आहे आणि ती गेली तर दुसरी उरते का, हे पाहिले पाहिजे. ‘याचा माणसाला काय उपयोग’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. जो मासा २०२०पर्यंत शास्त्राला ठाऊकच नव्हता, त्याचा उपयोग आधी सिद्ध कोण करणार होते? कोकणातले सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, महसुली दप्तरात पडीक ठरतात, मग तिथे चिरेखाण काढायला कोणाची हरकत राहत नाही. तिथल्या पाणथळीत काय जगते, हे पाहायच्या आधीच खडक कापला जातो.

२००२च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी आणि लोकांच्या माहितीतून नोंदवहीही तयार व्हायला हवी. पण ही वही अनेक ठिकाणी फक्त पूर्ततेपुरती भरली जाते. गुराखी, मासेमार, रानभाज्या खुडणाऱ्या बाया यांना गावातले जे ठाऊक आहे, ते तिच्यात उतरले पाहिजे. आणि खाण, रस्ता किंवा रिसॉर्टच्या परवान्यावर सही करण्यापूर्वी ती वही उघडून पाहणे बंधनकारक झाले पाहिजे. वाघासाठी आपण देशभर यंत्रणा उभी केली. भेकासाठी गावाने आपला सडा नीट ओळखला आणि त्याच्या बाजूने बोलायचा अधिकार वापरला, तरी पुष्कळ काही वाचेल.